मुरमापर्यंतचा पाया

ख्रिस्ती माणसाने दररोज देवाबरोबर काही वेळ घालवावा आणि बाकीचे सारे जीवन त्या वेळावर उभे राहावे, ही शिकवण मराठी मंडळ्यांत इतकी मुरलेली आहे की तिच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. रविवारच्या संदेशात ती येते, तरुणांच्या शिबिरात येते, बाप्तिस्म्याआधीच्या वर्गातही येते. पहाटे उठा, पवित्र शास्त्र उघडा, एक अध्याय वाचा, मनन करा, प्रार्थना करा, मग कामाला लागा. ही शिकवण मला मनापासून मान्य आहे. पण तिचे आजचे रूप कुठून आले, कोणाच्या दिनक्रमातून घडले आणि दुसरबीडसारख्या गावातल्या विश्वासी माणसाला ते कितपत पेलते, हे एकदा नीट पाहायला हवे. त्या रूपात न बसणारी कितीतरी माणसे आपण देवापासून दूर गेलोत असे समजून वर्षानुवर्षे मनात कुढत राहतात.

दुसरबीड बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात, जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका हाताला मराठवाडा, दुसऱ्या हाताला वऱ्हाड, आणि खडकपूर्णेचे खोरे जवळच. सोयाबीन, कपाशी, तूर ही इथली पिके. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याची पहाट त्याच्या हातात नसते. शेतीपंपाची वीज रात्रीची आली तर तो रात्रभर पाणी धरतो. पीक हाताशी आले की रोही आणि रानडुकरांपायी जागलीला जातो. बाईचा दिवस पाणी, चूल, जनावरे आणि मुलांचे डबे यांनी सुरू होतो, आणि निंदणी-वेचणीच्या दिवसांत ती उजाडायच्या आत घराबाहेर पडलेली असते. पहाटेचा निवांत अर्धा तास ज्याला मिळतो तो बहुधा पगारदार असतो.

दुसरी अडचण संख्येची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यातले बरेच मुंबई, ठाणे, वसई, पुणे या पट्ट्यात. बुलढाणा जिल्ह्यात हे प्रमाण आणखी कितीतरी खाली येते. गावात सकाळी काकडा ऐकू येतो, दिवसातून पाच वेळा अजान होते, संध्याकाळी देवळात हरिपाठ चालतो. शेजाऱ्यांना त्यांच्या देवाची आठवण गावच करून देते. एकट्यादुकट्या ख्रिस्ती घराला आठवण करून देणारी घंटा नसते. म्हणून रोजच्या वेळेचा प्रश्न अशा ठिकाणी शहरापेक्षा जास्त निकडीचा होतो. मंडळीची इमारत दूर आणि पाळक महिन्यातून एखाद्या वेळी येणारा असेल, तर त्या घराचा विश्वास त्या घरातच रोज जपला गेला पाहिजे.

शास्त्र याविषयी काय सांगते? येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असे मार्काच्या पहिल्या अध्यायात आहे. पहाटेच्या मननाचा आग्रह धरणारे सगळे हेच वचन काढतात. पण तोच येशू लूकच्या सहाव्या अध्यायात अख्खी रात्र प्रार्थनेत काढतो, आणि मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात लोकांना निरोप दिल्यावर संध्याकाळी डोंगरावर एकटा असतो. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. पंचावन्नाव्या स्तोत्रात संध्याकाळ, सकाळ आणि दुपार येते, तर एकशे एकोणिसाव्यात दिवसातून सात वेळा स्तुती. पहिले स्तोत्र रात्रंदिवस नियमशास्त्राचे मनन करणाऱ्याला धन्य म्हणते. घड्याळातली एकच वेळ शास्त्राने कुठेही नेमून दिलेली नाही. ठाम आहे ते ‘रोज’. रानात मान्ना रोज सकाळी गोळा करायचा होता. उद्यासाठी राखून ठेवलेल्याला किडे पडत, फक्त शब्बाथासाठी ठेवलेला टिके. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आजची भाकर आज मागायची आहे.

पायाची गोष्ट मत्तय आणि लूक दोघेही सांगतात. मत्तयात एक घर खडकावर आणि एक वाळूवर. लूकने त्यात एक तपशील जास्त दिला आहे: पहिल्याने खोल खणले आणि मग खडकावर पाया घातला. काळ्या मातीच्या मुलखात राहणाऱ्याला हा तपशील वेगळा समजावून द्यावा लागत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरच उभी केलेली भिंत दोन-चार वर्षांत तडकते. म्हणून इथला गवंडी मुरूम लागेपर्यंत खोदतो. खोदण्याचे काम वरून कोणाला दिसत नाही आणि त्यात पैसाही जातो, पण ते टाळून बांधलेले घर कोणी धड मानत नाही. मात्र त्या दाखल्यात खोल खणणारा कोण, हेही पाहायला हवे. येशूचे शब्द ऐकून त्याप्रमाणे करणारा. दोन्ही माणसे ऐकतात. फरक पडतो तो करण्यात. आणि पौल करिंथकरांना स्पष्टच लिहितो की येशू ख्रिस्त हा जो पाया घातलेला आहे त्यावाचून दुसरा पाया कोणाला घालता येत नाही. तेव्हा रोजचा वेळ म्हणजे खणण्याचे काम. मुरूम ख्रिस्त आहे. हा भेद न पाळल्यामुळेच मननाच्या शिकवणीत बराच गोंधळ झाला आहे, असे माझे मत आहे.

आता ही शिकवण आपल्या मुलखात कशी आली ते पाहू. या भागाच्या दोन बाजूंनी दोन मिशने आली आणि दोघांनी देवाबरोबरच्या वेळेची दोन वेगळी वळणे आणली. एक जालन्याहून. मुंबईत १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी जालन्याला आले आणि हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे मुख्यतः मांग आणि महार समाजातली कुटुंबे आली. दुसरे मिशन अकोला, खामगाव, बुलढाणा या बाजूचे. कॅनडात जन्मलेले ए. बी. सिम्पसन यांनी १८८७ साली दोन संस्था काढल्या आणि १८९७ साली त्या एक झाल्या. हेच ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. वऱ्हाडात त्यांचे काम या सुमारास वाढले, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेली मुले त्यांच्या आश्रयाला आली. आजच्या वऱ्हाडातल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांची कहाणी त्या दुष्काळापासून सुरू होते.

स्कॉटिश वळण घराचे होते. १६४७ साली एडिंबरोच्या सर्वसाधारण सभेने कौटुंबिक उपासनेची एक मार्गदर्शिका मंजूर केली. प्रत्येकाने सकाळी आणि रात्री एकट्याने प्रार्थना करावी हे तिच्यात आहेच, पण भर आहे तो कुटुंबाने एकत्र बसण्यावर. स्तुती, प्रार्थना, वाचन आणि वाचलेल्यावर घरातल्यांचे बोलणे. ही उपासना घराघरात होते की नाही याची चौकशी वडिलांनी आणि पाळकांनी करायची. घरचा कर्ता टाळाटाळ करत असेल तर आधी खासगीत सांगायचे, मग मंडळीच्या सभेपुढे समज द्यायची, तरीही न ऐकले तर त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचे. इतकी कडक शिस्त आज कोणी मागणार नाही, मीही मागत नाही. पण तिच्यामागे एक समज होती: रोजची उपासना ही एकट्या माणसाच्या इच्छेवर सोडून द्यायची गोष्ट नाही, ती मंडळीची जबाबदारी आहे. घरभेटीला आलेल्या पाळकाने आज चहा घेताना हा प्रश्न विचारला तर किती घरांत अवघडल्यासारखे होईल!

याच स्कॉटलंडात डंडी शहराच्या सेंट पीटर्स मंडळीचे तरुण पाळक रॉबर्ट मरी मक्शेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचा तक्ता केला. त्यात वर्षातून जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा वाचून होतात. पुढल्याच वर्षी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ते वारले, पण तक्ता आजही जगभर वापरला जातो. त्यांच्या प्रस्तावनेचा उल्लेख मात्र फारसा कोणी करत नाही. तक्त्याचे फायदे सांगण्याआधी त्यांनी त्याचे धोके सांगितले आहेत: वाचन नुसती रीत होऊन बसेल, वाचणाऱ्याला आपण फार धार्मिक आहोत असे वाटू लागेल, आकडा पुरा करायचा म्हणून घाईने पाने उलटली जातील, आणि काहींच्या खांद्यावर ते न पेलणारे जू होईल. तक्ता बनवणाऱ्यानेच हे लिहून ठेवले होते. आपण तक्ते घेतले आणि ही ताकीद मागेच राहिली.

अलायन्सचे वळण एकांताचे होते. सिम्पसन यांच्या शिकवणीत तारणानंतर पवित्रीकरण, म्हणजे पवित्र आत्म्याने भरलेले खोल जीवन, याला मोठे स्थान आहे, आणि ते जीवन देवासमोर एकटे बसल्याशिवाय येत नाही असा त्यांचा आग्रह होता. या प्रवाहातले पुढच्या काळातले सर्वांत वाचले जाणारे लेखक म्हणजे ए. डब्ल्यू. टोझर. त्यांचे देवाच्या शोधाविषयीचे इंग्रजी पुस्तक १९४८ साली निघाले. सिम्पसन यांच्याच सुमाराला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, केंब्रिजच्या विद्यार्थ्यांत पहाटेच्या प्रार्थनेची एक चळवळ सुरू झाली होती. जॉन मॉट यांनी ती विद्यार्थी-चळवळीतून जगभर नेली, आणि १८९५-९६ साली ते हिंदुस्थानातही फिरले. वसतिगृहात राहणारा, घरच्या कामाचा बोजा नसलेला, वाचायला शिकलेला तरुण मनासमोर ठेवून ही पद्धत बांधली गेली. पहाट, एकांत, पुस्तक, वही. आज आपल्या शिबिरांत जे मनन शिकवले जाते त्याचा साचा बहुतांशी इथला आहे.

हा साचा वाईट नाही. त्याने कितीतरी जणांना घडवले. पण ज्या काळात तो तयार झाला त्याच काळातला, १९०१ च्या जनगणनेतला एक आकडा बाजूला ठेवून पाहा. हिंदुस्थानात शंभरात जेमतेम पाच माणसांना लिहिता-वाचता येत होते, आणि बायकांत हजारी सहा-सात. बेथेलमधल्या मांग बाईला आणि खामगावच्या अनाथ मुलीला घरी बसून एकटीने शास्त्र वाचण्याची सोय नव्हतीच. तरी त्या ख्रिस्ती झाल्या, टिकल्या, त्यांनी मुलांना वाढवले, आणि त्यांच्या पोटी आजच्या मंडळ्या आल्या. मग त्यांचा पाया कशाने घातला गेला? माझ्या मते ऐकून, पाठ करून आणि गाऊन. बायबल वुमन म्हणून काम करणाऱ्या बायका घरोघरी जाऊन वचन वाचून दाखवत, गोष्टी सांगत. मुले प्रश्नोत्तरावली पाठ करत. आणि गाणी तर सगळ्यांचीच होती. कृष्ण रत्नाजी सांगळे, नारायण वामन टिळक यांच्यासारख्यांची पदे आणि अभंग ‘उपासना संगीत’मध्ये आले. ती छापून हातात पडण्याआधीच कानात बसलेली असत.

टिळकांचा विचार इथे थोडा थांबून करायला हवा. १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्यांची सुरुवातही एकट्याने केलेल्या वाचनातच झाली. पण त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाला जे दिले ते वाचनाचे वेळापत्रक नव्हते. त्यांनी अभंग दिला, कीर्तन दिले, भजन दिले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. अहमदनगरला राहून, ‘ज्ञानोदय’मध्ये लिहून त्यांनी या मुलखाच्या भक्तीची रीत ख्रिस्ताकडे वळवली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला या घरातले रोजचे जगणे दिसते: गरिबी, भांडणे, पाहुणे, अनाथ मुले, आणि या सगळ्याच्या मधोमध चालणारी प्रार्थना. तिथे निवांत खोली नव्हती. १९१९ साली टिळक गेले आणि त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

दुसरबीडहून फार लांब नसलेल्या देऊळगावराजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. खडकपूर्णेवरच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. देवळात पाऊल ठेवायला मनाई असलेल्या या माणसाने, त्याच्या बायकोने सोयराबाईने, बहिणीने निर्मळेने आणि मुलाने कर्ममेळ्याने काम करता करता देवाशी बोलणे चालू ठेवले. ख्रिस्ती झालेल्या मांग-महार घरांनी आपला जुना देव सोडला, पण कामाच्या धबडग्यात देवाशी बोलायचे असते हे त्यांना मिशनऱ्यांनी पहिल्यांदा शिकवले असे म्हणता येणार नाही. त्यांच्या पूर्वजांच्या वस्तीतच ते घडले होते.

महाराष्ट्रात रोजच्या प्रार्थनेची ताकद सगळ्यांत ठळक दिसली ती केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारले की माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण बसेल. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनअखेरीस तिथे संजीवन उसळले, आणि जगभरातल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद आहे. संजीवनाच्या गोष्टी सांगणारे त्या रात्रीच्या अश्रूंवर आणि आगीवर भर देतात. मला मात्र त्याआधीचे सहा महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. दुष्काळातून आलेल्या, विधवा झालेल्या, टाकून दिलेल्या मुली ठरल्या वेळी रोज एकत्र येत राहिल्या. त्यांच्यापैकी एकीलाही स्वतंत्र खोली नव्हती. आणि संजीवनानंतरही रमाबाई कामाला लागल्याच. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खे शास्त्र भाषांतरित केले. मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी त्याचे खिळे जुळवले, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये मरण येण्याच्या थोडेच आधी त्यांनी हे काम संपवले. रोजच्या प्रार्थनेतून काय निघाले पाहिजे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला मराठीत सापडत नाही.

कॅथलिक परंपरेत ही घडण आणखी वेगळी. वसईच्या गावांत चर्चची घंटा दिवसाचे भाग पाडते आणि संध्याकाळी घरातले सगळे एकत्र बसून रोजरी म्हणतात. शास्त्र घरी वाचण्याचा आग्रह तिथे उशिरा आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्व भाविकांनी शास्त्र वारंवार वाचावे असे सांगितले, आणि वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले. पण त्याच्या किती आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले होते! अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये लोकांना वाचून दाखवला जाई. ऐकणाऱ्यांसाठी लिहिलेले शास्त्र ही मराठी ख्रिस्ती लोकांची चारशे वर्षांची ठेव आहे.

बाहेरच्या जगातही पुस्तकाबरोबर कानाची वाट होतीच. जर्मनीतल्या हर्नहूट या मोरेव्हियन लोकांच्या गावात १७२८ पासून एक बांधव रोज घरोघर जाऊन दिवसाचे वचन सांगत असे आणि घरच्यांची विचारपूस करत असे. १७३१ पासून ही वचने पुस्तिकेत छापली जाऊ लागली, आणि आज पन्नासहून जास्त भाषांत ती निघतात. मार्टिन लूथर यांनी १५३५ साली आपल्या ओळखीच्या पीटर नावाच्या न्हाव्यासाठी प्रार्थनेची एक साधी रीत लिहून दिली. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि विश्वासांगीकार. पाठ असलेला एकेक भाग घ्यायचा. त्यातून शिकायचे काय, आभार कशाचे मानायचे, कबूल काय करायचे आणि मागायचे काय, एवढे मनात फिरवायचे. वस्तरा हातात असताना लक्ष जसे एका ठिकाणी असते तसे प्रार्थनेत असावे, असे ते त्याला सांगतात. लूथर स्वतः काम जास्त असले की तीन तास प्रार्थना करत, हे त्यांच्याच तोंडचे वाक्य म्हणून मंडळीत सांगितले जाते. ते त्यांच्या लिखाणात सापडत नाही. १५३० साली कोबुर्गच्या किल्ल्यात त्यांच्याबरोबर राहिलेल्या फाइट डीट्रिख यांनी पत्रात लिहिले की लूथर दिवसाचे किमान तीन तास प्रार्थनेला देतात. तो किल्ल्यात अडकून पडलेल्या माणसाचा दिनक्रम होता. न्हाव्याला मात्र त्यांनी न्हाव्याला जमेल तेच दिले.

हिटलरच्या काळात डीट्रिख बोनहोफर यांनी फिंकेनवाल्डे इथे पाळकांचे एक छोटे विद्यालय चालवले. तिथे रोज अर्धा तास गप्प बसून, आठवडाभर एकाच उताऱ्यावर मनन करायचे असा नियम होता. विद्यार्थी कंटाळले, त्यांनी तक्रारी केल्या, बोनहोफर यांनी नियम सोडला नाही. १९३७ साली गेस्टापोने विद्यालय बंद केले. त्यानंतर १९३९ साली त्यांचे सहजीवनावरचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात ते एकांत आणि संगत यांना एकमेकांपासून तोडत नाहीत. ज्याला एकटे राहता येत नाही त्याने मंडळीत जपून राहावे, आणि ज्याला मंडळी नको त्याने एकांतापासून सावध राहावे, असा त्यांचा रोख आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी झाली.

रोजच्या वेळेने खरेच काही होते का, याचा अभ्यासही झाला आहे. शिकागोजवळच्या विलो क्रीक या प्रचंड मंडळीने २००७ साली स्वतःच्याच लोकांची पाहणी प्रसिद्ध केली, पुढे ती एक हजार मंडळ्यांपर्यंत वाढली. कार्यक्रमांना जास्त हजेरी लावणारे लोक देवावर आणि माणसांवर जास्त प्रेम करू लागतात असे काही त्यांना दिसले नाही. वाढीशी सगळ्यांत घट्ट जुळणारी गोष्ट निघाली ती शास्त्रवचनावर स्वतः केलेले मनन. ही माहिती लोकांनी स्वतःबद्दल दिलेली आहे आणि अमेरिकेतली आहे, तेवढी सावधगिरी बाळगूनही तिचा कल दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दुसरा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा, धर्माशी संबंध नसलेला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या सवयी पाहिल्या. नवी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. ज्यांना एक दिवस चुकला की सगळे संपले असे वाटते, त्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. आणखी एक म्हणजे सवय ठरल्या प्रसंगाला बांधली की बसते. घड्याळातले पाच वाजणे रोज वेगळ्या स्थितीत सापडेल, पण बैलांना वैरण टाकणे, चूल पेटवणे, संध्याकाळी हातपाय धुऊन घरात येणे हे रोजचेच आहे.

मननाच्या शिकवणीवरचे जुने आक्षेप दोन आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला म्हणजे ती कर्मकांड होते. चुकले की देव रागावला असे वाटते, साधले की आपण इतरांपेक्षा बरे असे वाटते. गलतीकरांस पत्र लिहिणारा पौल याच गोष्टीशी झगडला. दुसरा आक्षेप जड आहे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातले लोक दररोज देवाला शोधत होते, त्याच्या सान्निध्यात त्यांना आनंद वाटत होता, आणि त्याच दिवशी ते आपल्या मजुरांना पिळत होते. देवाने त्यांची उपासना नाकारली. सकाळी वचन वाचून दुपारी सोयाबीन काढणाऱ्या मजुराची मजुरी अडवणारा, किंवा घरातल्या बाईवर हात उगारणारा माणूस कितीही लवकर उठत असला तरी त्याने अजून खणायला सुरुवात केलेली नाही. मार्था आणि मरीयेची गोष्टही अशीच जपून वापरावी लागते. ती घरातल्या बाईला दोष द्यायला वापरली जाते, आणि चुलीपाशी तिची जागा घ्यायला कोणी उठत नाही. नवऱ्याने अर्धा तास पोरे आणि भाकरी सांभाळल्या तर तीही प्रभूच्या पायाशी बसेल.

आता मोबाइल आला आहे. २००८ साली सुरू झालेल्या यूव्हर्जनसारख्या अॅपमध्ये मराठी शास्त्र फुकट मिळते, ध्वनिमुद्रित वचने शेतात कानाला लावून ऐकता येतात. वाचता न येणाऱ्या आजीला हे मोठे वरदान आहे. दुसरीकडे सकाळी सकाळी व्हॉट्सअॅपवर फुलांच्या चित्रावर लिहिलेले एक वचन येते, ते पुढे पाठवले जाते आणि देवाबरोबरचा वेळ झाला असे वाटते. हर्नहूटचा तो बांधव वचन सांगून दारात थांबत असे, कोण आजारी आहे ते विचारत असे. फोनवरून पाठवलेले वचन कोणी ऐकले, कोणाच्या घरात काय चालले आहे, हे पाठवणाऱ्याला कळत नाही.

अशा गावातल्या मंडळीने काय करावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. पहाटेचा आग्रह सोडावा आणि रोजचा आग्रह घट्ट धरावा. प्रत्येक घराने आपली वेळ स्वतः ठरवावी. जागलीला जाणाऱ्याने मचाणावर, पाणी धरणाऱ्याने बांधावर, बाकीच्यांनी संध्याकाळी जेवणाआधी. एकांत ज्याला मिळतो त्याने जरूर घ्यावा, पण घरची एकत्र प्रार्थना हीच गावाकडच्या ख्रिस्ती घराची पहिली घंटा असावी. तिथे जो वाचू शकतो त्याने मोठ्याने वाचावे, बहुधा ते घरातले शाळकरी मूलच असेल, आणि मग वाचता न येणाऱ्या आजीने त्या वचनावर बोलावे. पाळकाने घरभेटीत विचारावे: या महिन्यात घरात काय ऐकले, आणि त्यातले काय केले? प्रश्न रागावण्यासाठी नसावा. उत्तर काहीच नसेल तर त्याने तिथेच बसून घरच्यांबरोबर एक वचन म्हणावे.

पाठांतर मात्र परत आणायलाच हवे. मिशनच्या काळात ते होते, मग पुस्तके स्वस्त झाली आणि ते सुटले. दर रविवारी मंडळीने एकच स्तोत्र द्यावे. तेविसावे स्तोत्र सहा वचनांचे आहे, रोज एक म्हटले तर सोमवार ते शनिवारात पाठ होते, निंदताना, गाडी हाकताना, एसटीची वाट पाहताना. रविवारी ते सर्वांनी मिळून, पुस्तक न उघडता म्हणावे. पुढच्या आठवड्याला पहिले, तेही सहा वचनांचे. त्याच्या पुढे एकशे एकविसावे, आठ वचनांचे, त्याला दोन दिवस जास्त द्यावेत.